पांढरे प्लग

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी क्लाइव्ह गारसाइडच्या जुन्या लॅनरिक गाडीचा, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा फ्युएल पंप गेला. पंप जाणं ही तशी मोठी गोष्ट नव्हती. इंजिनाच्या कुशीला बसवलेला जुना यांत्रिक पंप, आत एक रबरी पडदा. साठ वर्षांत तो पडदा चार वेळा बदलून झाला होता. पण या वेळी पडद्याबरोबर पंपाचं बूडही तडकलं होतं आणि तसा पंप आता कुणी बनवत नव्हतं. म्हणजे गाडीला विजेवर चालणारा पंप बसवावा लागणार होता. कोणता बसवायचा आणि कुठे, हे ठरवणं क्लाइव्हच्या हातात होतं. आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

“मेला का?” त्याच्या बहिणीने, रोवेनाने, शेडच्या दारातूनच विचारलं. ती प्रसूतिगृहातून थेट आली होती, अंगात अजून निळा गणवेश.

“मेला. दार लाव, वारा आत येतोय.”

“मग नवा टाक की. हा बघ, मी शोधलाय.” तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. निळ्याशार चकचकीत धातूचा, मनगटाएवढा जाड पंप होता. “सहाशे घोड्यांच्या इंजिनाला पुरतो म्हणे.”

“आपल्याकडे दोनशे तीस आहेत. उरलेले तुझ्या अंगणात बांधायचे का?”

“जास्त असलं तर बिघडलं काय?”

“तू बाळंतिणींना सांगतेस का, बाळाचं तोंड आगीच्या बंबाला लावा म्हणून?” क्लाइव्ह म्हणाला. “कार्ब्युरेटरच्या वाटीत एक एवढीशी सुई असते. वाटी भरली की ती पेट्रोल अडवते. चार पौंडांपर्यंतचा दाब ती सोसते. तुझा हा निळा राक्षस चाळीस पौंडांनी ढकलणार. सुई उडेल आणि पेट्रोल इंजिनात बदाबदा सांडेल.”

रोवेना हसली. ती सेहेचाळीस वर्षांची होती, पण हसली की शाळेतल्यासारखी दिसायची. “बरं बाबा, तू शहाणा. तूच ठरव. मला फक्त वर पोचव. तसंही शेवटच्या वळणावर अॅक्सिलरेटरवरून माझाच पाय उचलला जातो. त्यात पंपाचा काय दोष?”

 क्लाइव्हने हातातला पाना पुसला, जागेवर टांगला आणि पुन्हा काढून पुसला.

लॅनरिक दोघांची होती. त्यांचे वडील हेडली गारसाइड यांनी ती हिरवी, दोन सीटची, सहा सिलिंडरची गाडी तरुणपणी घेतली, तिला तीन मोठे कार्ब्युरेटर चढवले आणि चाळीस वर्षं हॅरोस्कारच्या चढावर पळवली. हॅरोस्कारची शर्यत एकेकट्याची असते. एका वेळी एक गाडी सुटते, किलोमीटरभराचा वळणावळणांचा चढ चढते, आणि घड्याळ काय ते सांगतं. एक घड्याळ अर्ध्या वाटेवर असतं, एक शेवटी. तिथे एका गाडीवर दोन नावं घालायची मुभा आहे. एकजण चढून येतो, गाडी मागच्या रस्त्याने खाली आणतो, दुसरा त्याच सीटवर बसतो आणि पुन्हा रांगेत जातो. आधी कोण आणि मागून कोण, हे नावनोंदणीच्या फॉर्मवर ज्या क्रमाने लिहिलं असेल तसं.

हेडली असेपर्यंत पहिलं नाव त्यांचं आणि दुसरं क्लाइव्हचं असायचं. हेडली गेल्यावर गाडी दोन्ही मुलांच्या नावावर झाली, आणि क्लबने त्यांच्या नावाचा एक चषक ठेवला: जुन्या गाड्यांमध्ये जो सर्वांत कमी वेळात वर पोचेल त्याच्यासाठी. गेल्या पाच वर्षांपासून पहिलं नाव क्लाइव्हचं होतं, दुसरं रोवेनाचं. चषक पाचही वर्षं क्लाइव्हच्या दिवाणखान्यात शेकोटीवरच्या फळीवर होता. रोवेना दुसरी यायची. पाचही वर्षं.

क्लाइव्ह सेहेचाळीस सेकंद आणि तीन दशांशच्या आसपास यायचा, रोवेना सेहेचाळीस आणि नऊ. शर्यतीनंतर प्रत्येकाला छापील चिठ्ठी मिळते. रोवेना चिठ्ठी बघायची, खांदे उडवायची आणि गाडीच्या टपावर ठेवलेल्या सँडविचकडे वळायची. क्लाइव्ह चिठ्ठ्या घरी न्यायचा आणि शेजारी शेजारी ठेवून बघायचा. अर्ध्या वाटेपर्यंत रोवेना त्याच्यापुढे असायची. थोडीथोडकी नाही, तीन दशांश सेकंद. उरलेल्या अर्ध्यात ती नऊ दशांश गमवायची. पहिल्या वर्षी हे पाहून क्लाइव्हला बरं वाटलं होतं. पोरगी खाली शूर आहे, वर घाबरते. त्याने तिला तसं सांगितलंही होतं: “वरच्या वळणावर तुझा पाय उचलला जातो, रो.” तिने ते मनावर घेतलं. त्यानंतर ती स्वतःच तसं म्हणू लागली.

दुसऱ्या वर्षी त्याने इंजिनातले स्पार्क प्लग काढले.

तो ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस होता आणि प्लगचा रंग वाचायची त्याला सवय होती. पेट्रोल आणि हवा बरोबर मिसळली की प्लगचं टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं तपकिरी होतं. पेट्रोल जास्त झालं तर काळं. कमी पडलं तर पांढरं, खडूसारखं. त्या दिवशी त्याने आपल्या फेरीनंतर प्लग पाहिले: सहाही तपकिरी. मग रोवेनाच्या फेरीनंतर, गाडी खाली येताच, पुन्हा पाहिले. सहाही पांढरे.

इंजिन तेच, टाकी तीच, मध्ये वीस मिनिटं. क्लाइव्हला उत्तर सापडायला एक कप चहा पुरला. पहिला चालक गार इंजिन घेऊन जातो. तो खाली येऊन इंजिन बंद करतो, आणि मग त्याची सगळी धग कुशीतल्या पंपात चढते. दुसरा चालक निघतो तोवर पंप चटके बसतील इतका तापलेला असतो. अडीच मीटरवरच्या टाकीतून तो पेट्रोल ओढायला जातो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि गरम पेट्रोल कमी दाबाखाली उकळतं. पंपाच्या तोंडी निम्मी वाफ येते. सुरुवातीला काही कळत नाही, कारण कार्ब्युरेटरच्या वाट्या भरलेल्या असतात. वीसेक सेकंद त्या पुरतात. नंतर इंजिन आचके देत नाही, खोकत नाही, नुसतं मलूल होतं. आत बसलेल्या माणसाला वाटतं, आपणच पाय आखडता घेतला.

रोवेनाचा पाय कधीच उचलला गेला नव्हता. ती त्याच्यापेक्षा वेगवान होती. थोडीशी नाही, चांगलीच.

हे कळलं त्या दिवशी क्लाइव्हने पांढरे प्लग फडक्यात गुंडाळले, सवयीप्रमाणे वर चिकटपट्टी लावून तारीख आणि ‘रो’ असं लिहिलं, आणि अवजारांच्या पेटीच्या तळाशी ठेवले. कुणालाही काही सांगितलं नाही. त्यालाही आता चार वर्षं होत आली होती.

आपण वाईट आहोत असं त्याला वाटत नसे. त्याला वाटे की रोवेनाला सगळं आधीच मिळालं आहे. लहानपणी तिच्या हाताला गुण होता, हेडली पाहुण्यांना सांगायचे, “हात बघा हिचे, घड्याळजीचे हात आहेत.” क्लाइव्ह शेजारीच उभा असायचा, ग्रीस लागलेले हात मागे लपवून. गावातल्या निम्म्या पोरांना तिनेच जगात आणलं होतं. किराणा घ्यायला गेली तरी तीन आया तिला थांबवायच्या. आणि गाडीत ती बसायची ती चेष्टा म्हणून, वर्षातून चार वेळा. तो वर्षभर त्या गाडीखाली उताणा पडलेला असायचा. एक चषक त्याच्याकडे असला तर कुणाचं काय जात होतं? तरीही टपावर बसून पाय हलवत सँडविच खाणारी रोवेना दिसली, की त्याच्या छातीत काहीतरी जळायचं. हरूनही ती जिंकल्यासारखी खात असायची.

आणि आता पंप बदलायचा होता.

मॉड हेग या बाई ऑथरबीमध्ये बंद पडलेल्या लोकरगिरणीच्या तळमजल्यावर जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर आणि पंप दुरुस्त करायच्या. वय त्र्याहत्तर, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला, आणि चहा इतका कडक की चमचा उभा राहावा. हेडली त्यांच्याकडूनच सगळं घ्यायचे.

“ये पोरा,” त्या म्हणाल्या. “हेडलीच्या गाडीने दम तोडला असं ऐकलं. रो कशी आहे?”

आल्या आल्या रो. “बरी आहे,” क्लाइव्ह म्हणाला. “मॉडबाई, मला तो छोटा टकटक करणारा पंप द्या. चौकोनी. मी ठरवूनच आलोय.”

“ठरवून आलास? मग माझा चहा कशाला गार करतोस?” त्यांनी तो पंप फळीवरून काढला, पण हातात दिला नाही. “घोडे किती?”

“दोनशे तीस.”

मॉडबाईंनी भिंतीवरच्या पाटीवर खडूने आकडे मांडले. “एका घोड्याला तासाला अर्धा पौंड पेट्रोल. एकशे पंधरा पौंड. म्हणजे बावन्न किलो. लिटरमध्ये सत्तर. तासाला सत्तर लिटर वाट्यांत पडलंच पाहिजे. वर तिसरा हिस्सा राखीव ठेव. पंचाण्णव धर.”

“खोक्यावर एकशे दहा लिहिलंय,” क्लाइव्ह म्हणाला.

“खोक्यावर! नळीचं तोंड मोकळं सोडून मोजलेत ते. समोर काही अडलं नाही तर मीही ताशी दहा मैल पळते.” त्यांनी पंप टेबलावरच्या चिमट्यात अडकवला, चाचणीच्या तेलाच्या डब्यात एक नळी सोडली, आणि दुसरी नळी तोटीतून, दाब दाखवणाऱ्या तबकडीतून नेऊन भिंतीवरच्या एका खिळ्यापर्यंत वर चढवली. “हा खिळा टेबलापासून दीड मीटरवर आहे. का, सांग.”

क्लाइव्हला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, “का?”

“तुझी गाडी सुटते तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश इतक्या जोराने पुढे उसळते. पेट्रोल टाकीतून पुढे जायचंय आणि गाडी त्याला मागे ढकलतेय. अडीच मीटर नळी, गुणिले सहा दशांश. म्हणजे पंपाला ते दीड मीटर उंच चढवल्यासारखंच झालं. त्यातच दीडएक पौंड दाब जातो. हा पंप तीन पौंडांचा. उरलं काय?” त्यांनी तोटी फिरवली, पंपाचं बटण दाबलं आणि काचेच्या मापाशेजारी स्टॉपवॉच ठेवलं.

पंप टकटकू लागला. खिळ्यावरून बारीक धार मापात पडू लागली. मिनिट संपलं. “सातशे मिलिलिटर,” मॉडबाई म्हणाल्या. “तासाला बेचाळीस लिटर. हवेत सत्तर. हा पंप दुधाच्या गाडीला ठीक.”

मग त्यांनी दुसरा लावला. दिसायला साधा, राखाडी, डबाबंद मटाराच्या डब्याएवढा. टकटक नाही, नुसती घूंऽऽ. धार जाड आणि सलग पडली. मिनिटात पावणेदोन लिटर. तबकडीचा काटा चार पौंडांच्या पुढे गेला नाही. “हा. दाब थोडा, धार भरपूर. कार्ब्युरेटरला असाच लागतो. मागे, टाकीजवळ, टाकीच्या बुडापेक्षा खाली बसव. विजेच्या पंपाला ढकलता येतं, ओढता येत नाही. हा धक्क्याने बंद होणारा स्विचही घे, नाहीतर गाडी उलटली तरी हा बापडा पेट्रोल ओततच राहील.”

“मला छोटाच पुरेल,” क्लाइव्ह म्हणाला. “मी पुढे बसवणार आहे. जुन्या जागी. नळ्या बदलायला नकोत.”

मॉडबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे पाहिलं. “पुढे? इंजिनाशेजारी?”

“जागा तयार आहे तिथे.”

“तू चाळीस वर्षं गाड्या उघडतोयस, पोरा. हे तू शिकाऊ पोराला करू दिलं असतंस?” त्याने चहाचा कप उचलला. “फॉर्मवर दुसरं नाव कुणाचं असतं?”

“रोचं.”

“हं.” त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. गिरणीत एकदम शांत झालं. “तरीच.”

“तरीच काय?”

“हेच बोलणं इथे एकदा होऊन गेलंय. तू बसलायस त्याच स्टुलावर. मी हेडलीला म्हटलं, तो पंप इंजिनापासून काढ, मागे विजेचा बसव, तापलेल्या गाडीला वरच्या अर्ध्यात पेट्रोल पुरत नसणार. आजच्यापेक्षा तेव्हाचं पेट्रोल उशिरा उकळायचं, तरी पुरत नसणार. तर तो म्हणाला, ‘मी पहिला जातो, मॉड. मला चालतं.’”

क्लाइव्हने कप खाली ठेवला. 

चौदा वर्षं तो वडिलांच्या मागून त्या चढावर गेला होता. चौदा वर्षं सेकंदभराने हरला होता. दर वेळी खाली आल्यावर हेडली त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि सगळ्यांदेखत, प्रेमाने म्हणायचे, “वरच्या वळणावर तुझा पाय उचलला जातो, क्लाइव्ह.” कित्येक हिवाळे त्याने अंथरुणात पडल्या पडल्या त्या वळणावर पाय दाबून धरायचा सराव केला होता.

तेच वाक्य त्याने रोवेनाला जसंच्या तसं दिलं होतं. शब्दही बदलला नव्हता.

“बाबांना ठाऊक होतं?” त्याने विचारलं.

“मी सांगितलं ते त्याने ऐकलं. त्यापुढे त्याने कधी प्लग काढून पाहिले असतील तर मला माहीत नाही. असतं एखाद्याचं तसं. आपलं बरं चाललंय तर बघायचं कशाला?” मॉडबाई दोन्ही पंप त्याच्यासमोर ठेवून उठल्या. “मी किटली ठेवते. तू ठरव.”

 क्लाइव्हला वडिलांचा राग आला, मग मेलेल्या माणसाचा हेवा वाटला: त्यांनी पाहिलं नाही आणि सुखाने जिंकले. मग रोवेनाचा हेवा वाटला, तो तर रोजचाच होता. पण या सगळ्याच्या तळातून एक साधा प्रश्न वर येत होता आणि तो त्याला बसू देईना. आपण किती वेगवान आहोत? चौदा वर्षं त्याची मापं उपाशी इंजिनाची होती, आणि पुढची पाच वर्षं उपाशी गाडीतल्या बहिणीशी ताडून पाहिलेली. त्याला स्वतःबद्दलचा एकही खरा निकाल माहीत नव्हता.

मॉडबाई किटली घेऊन आल्या तेव्हा त्याने राखाडी पंप उचलला होता.

जूनच्या पहिल्या रविवारी हॅरोस्कारवर ऊन होतं. मैदानात तेलाचा आणि तळलेल्या बेकनचा वास. क्लाइव्हने किल्ली फिरवली तेव्हा मागून, टाकीखालून, घूंऽऽ असा आवाज आला.

“मधमाशी पाळलीस का?” रोवेना म्हणाली.

“तुझ्या निळ्या राक्षसाने कानाचे पडदे फाडले असते.”

“पण मागे कशाला बसवलास? आठवडाभर गाडीखाली होतास म्हणे. वहिनी सांगत होती, जेवायलाही तिथेच द्यावं लागलं.”

“मागेच बसवायचा असतो,” क्लाइव्ह म्हणाला आणि हेल्मेट घातलं.

पहिल्या फेरीत तो सेहेचाळीस पूर्णांक एकवीस आला. चांगली वेळ होती. गाडी खाली आणली, उतरला आणि रोवेना बसली. ती रांगेत सरकत असताना त्याने इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून पाहिला. तवा. मग लाउडस्पीकर बोलला: रोवेना गारसाइड, पंचेचाळीस पूर्णांक चौऱ्याण्णव.

खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या. क्लाइव्हनेही वाजवल्या. हातमोजे घातलेले असल्यामुळे आवाज झाला नाही.

दुपारच्या दुसऱ्या फेरीत त्याने जिवाचं रान केलं. पहिल्या वळणावर मागचं चाक गवतात गेलं, दुसऱ्यावर त्याने ब्रेक एवढा उशिरा दाबला की डोळ्यांपुढे झाडाचं खोड मोठं झालं, आणि शेवटच्या वळणावर पाय गाडीच्या तळाला टेकवूनच ठेवला. इंजिन शेवटपर्यंत भरल्या गळ्याने गात होतं. सेहेचाळीस पूर्णांक शून्य पाच. त्याच्या आयुष्यातली सर्वांत कमी वेळ.

रोवेनाची वेळ त्याहून कमीच होती, तीही सकाळची.

खाली येऊन त्याने इंजिन बंद केलं आणि रोवेनाला रांगेत जायला दहा मिनिटं असताना झाकण उघडलं. पाना घेतला. कदाचित आपल्याच वेळी काहीतरी कमी पडलं असेल. एखादी नळी दबली असेल, एखादी सुई अडकली असेल.

“काय शोधतोयस?” रोवेना हेल्मेटचा पट्टा बांधत म्हणाली. “अरे, भाजेल ना!”

“काही नाही.”

पहिला प्लग त्याने फडक्यात धरून काढला. तपकिरी. दुसरा तपकिरी. बोट भाजलं, त्याने ते तोंडात घातलं आणि तिसरा काढला. सहाव्यापर्यंत त्याला आशा होती. सहाही प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे होते, इतके सुंदर की पुस्तकात चित्र द्यावं. इंजिनाला जे जे हवं होतं ते ते सगळं मिळालं होतं. कमी पडला होता तो चालक.

त्याने प्लग परत बसवले. एकेक, नीट, जेवढे आवळायचे तेवढेच. एखादा सैल ठेवावा असं मनात येऊन गेलं, हे त्याने नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. तो रोवेनाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “जा. वर दाबून धर.”

पंचेचाळीस पूर्णांक एकाहत्तर.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. ती उतरली, टायरच्या चळतीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता बोलतच राहिली. “क्लाइव्ह, आज नाही उचलला! दोन्ही वेळा नाही उचलला. मी स्वतःला म्हटलं, रो, आज मेलीस तरी चालेल, पाय नाही काढायचा. आणि गाडी अशी गेली ना वर... इतकी वर्षं मी उगाच घाबरत होते बघ.”

किती आनंदात होती ती. तो आनंद तिच्याकडेच राहू द्यायला काही लागत नव्हतं. गप्प राहायचं, बस. त्यात तो तरबेज होता.

क्लाइव्ह अवजारांच्या पेटीपाशी गेला, सगळे पाने बाहेर काढले आणि तळाशी असलेलं फडकं आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय?”

“तू कधीच पाय उचलला नव्हतास.”

तिने फडकं उलगडलं. चिकटपट्टीवरची तारीख वाचली, ‘रो’ वाचलं. सहा पांढरे प्लग. ती हेडली गारसाइडची मुलगी होती, तिला रंग समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्याने सांगितलं. धग, पंप, वाफ, वाट्या, वीस सेकंद. दुसरं नाव. तो सांगत होता आणि ती एक प्लग बोटांत फिरवत होती, त्या घड्याळजीच्या बोटांत.

“चार वर्षं?” ती म्हणाली.

“होत आली.”

“आणि दर वेळी मी म्हणायचे, माझाच पाय उचलला जातो. तू तिथेच उभा असायचास.”

“बाबा मलाही तेच म्हणायचे,” क्लाइव्ह म्हणाला. आपला आवाज लहान मुलासारखा येतोय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. “चौदा वर्षं. मॉडबाईंनी त्यांना सांगितलं होतं. माझे प्लगही असेच पांढरे असणार. त्यांनी कधी पाहिले नाहीत.”

रोवेनाने प्लग फडक्यात परत ठेवला. “त्यांनी पाहिले नाहीत,” ती म्हणाली. “तू पाहिलेस.”

लाउडस्पीकर बक्षिसांसाठी नावं पुकारू लागला. चषक क्लाइव्हच्या व्हॅनमध्ये, टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता. दर वर्षी विजेत्याने तो चकचकीत करून परत आणायचा असतो, तसा त्याने आदल्या दिवशी घासून ठेवला होता, आपलं नाव सहाव्यांदा कुठे कोरलं जाईल ती जागा जरा जास्तच. तो जाऊन घेऊन आला. रोवेनाने टॉवेलसकट तो काखेत धरला आणि मंचाकडे गेली. लोक तिला मिठ्या मारत होते. तीन आया तर पोरांसकट आल्या होत्या. ती हसत होती, पण मंचावरून खाली बघताना तिने क्लाइव्हला शोधलं नाही.

चौतीस शतांश सेकंद, त्याच्या मनात येऊन गेलं. ती सहा किलोने हलकी आहे. सहा किलोचे किती होतात? त्याने मनात हिशेब केला. दोन-तीन शतांशही होत नव्हते.

परत आल्यावर तिने चषक व्हॅनच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. मग काचेपाशी पडलेला ऑगस्टच्या शर्यतीचा कोरा फॉर्म उचलून त्याच्यापुढे धरला. “लिही. मी पहिली.”

“आता काही फरक पडत नाही, रो. पंप मागे आहे. गरम काय, गार काय.”

“मला माहीत आहे फरक पडत नाही,” ती म्हणाली. “लिही.”

त्याने फॉर्म लॅनरिकच्या झाकणावर ठेवला. धातू अजून उबदार होता. वरच्या ओळीत त्याने तिचं नाव लिहिलं, खालच्या ओळीत आपलं. भाजलेल्या बोटामुळे पेन नीट धरता येत नव्हतं, आणि ते तिच्या लक्षात आलेलं त्याने पाहिलं. तिने पर्समधून मलमाची नळी काढली, त्याच्याकडे न बघता झाकणावर ठेवली आणि गाडी ट्रेलरवर चढवायला गेली. किल्ली फिरली. टाकीखाली पंप घूंऽऽ करत जागा झाला.